चौदा नंबरची मेंढी

सेक्टर २, भिलाई
रविवार, ८ सप्टेंबर १९६३

दादास जयभीम.

अक्षर ओळखशील. पाकीट फाडायच्या आधीच ओळखशील, म्हणून पत्ता ह्यांच्याकडून लिहून घेणार होते. मग वाटलं, त्यांचं अक्षर दिसलं तर तू पाकीट उघडणारच नाहीस. म्हणून मीच लिहिला.

पत्ता वच्छलाकाकूनं दिला. ती बल्लारशाहून आली तेव्हा म्हणाली, दयाराम लाकडाच्या डेपोत आहे, खोकला लागून आहे, दाढी राखली आहे. माझं नाव काढलं का, हे मी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आम्ही दोन वर्षांपासून ह्या क्वार्टरमध्ये आहोत. मेंढी केंद्र बंद पडल्यावर ह्यांना कारखान्याच्या स्टोअरमध्ये घेतलं. दोन खोल्या, घरात नळ. शीलाला येत्या डिसेंबरात पाच पूर्ण होतील. बाहेर हिंदी बोलते, घरात आली की अर्धं हिंदी, अर्धं आपलं. तिला मामा आहे हे तिला ठाऊक आहे.

लिहायला निमित्त झालं ते मेंढ्यांचं. गिरजाबाई तुला आठवत असेल. आपण बोरतऱ्याच्या केंद्रावर राहत होतो तेव्हा ओढ्यापलीकडे तिचा कळप बसायचा. चांद्याकडची धनगरीण, नवरा गेल्यावर एकटीच मेंढ्या घेऊन इकडे आलेली. शीलाच्या वेळी गावची दाई आपल्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हती, तेव्हा हीच आली होती. आता ती हथखोजच्या भाठ्यावर असते. तिकडे मुरमाची पडीक जमीन थोडी उरली आहे, तेवढीच चरायला.

तिच्या मेंढ्यांना काहीतरी झालं आहे. पहिल्यांदा एक मेंढी बाभळीला अंग घासायला लागली. गोचीड असेल म्हणून गिरजाबाईनं तंबाखूचं पाणी लावलं. मेंढी घासतच राहिली, लोकर गेली, कातडं लाल झालं. पाठीवर हात फिरवला की जीभ बाहेर काढून हवेतच चाटते. मग चाल बिघडली, मागचे पाय ठेवते एकीकडे, पडतात दुसरीकडे. ताप नाही, हगवण नाही. खाते तरी वाळत जाते. दोन-तीन महिन्यांत संपते. अशा चार गेल्या, पाच लागलेल्या आहेत.

नागपूरकडचे एक डॉक्टर आले आहेत, पिंपळापुरे नावाचे. ह्यांनी पूर्वी केंद्रात स्टॉकमन म्हणून काम केलं होतं, म्हणून त्यांनी ह्यांना बोलावलं. पण ह्यांची शिफ्ट असते, आणि गिरजाबाई पुरुष माणसाला मेंढ्यांच्या वाडग्यात येऊ देत नाही. ती म्हणाली, मारोतरावाची बायको लिहिणं जाणते, तिले बसवा. म्हणून महिनाभरापासून मी एक दिवसाआड जाते आणि वहीत लिहिते. शीला शेजारच्या बेबीताईंकडे राहते.

हा रोग इकडे कुठून आला, डॉक्टरांनाही कळत नाही. कुणास ठाऊक कुठून आला.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. खोकल्याला अडुळसा घे.

कलावती


रविवार, २० ऑक्टोबर १९६३

दादास जयभीम.

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते ठेवलं असावंस. एवढ्यावर पुन्हा लिहायला बसले.

मी काय लिहिते ते तुला सांगते. कोणती मेंढी किती पाणी प्याली. कोणती कोणत्या तारखेला माजावर आली, मेंढ्यानं कधी फळवली. किती दिवसांनी व्याली. बादलीच्या आतून मी खिळ्यानं लिटरालिटरच्या रेघा मारून घेतल्या आहेत. चांगली मेंढी ह्या दिवसात तीन लिटर, फार तर साडेतीन पिते. घासणाऱ्या मेंढ्यांपैकी दोघी आठ-आठ लिटर पितात आणि तेवढंच मुततात. त्यांच्या बसायच्या जागी चिखल होतो.

डॉक्टरांना मूत्रही पाहिजे, बाटलीत. पहिल्या दिवशी त्यांचा चपराशी बाटली धरून मेंढीच्या मागे तासभर फिरला. गिरजाबाई पाहत बसली होती. मग उठली, मेंढीच्या नाकपुड्या दोन बोटांनी क्षणभर दाबून धरल्या, आणि मेंढीनं लगेच धार सोडली. डॉक्टर हसले आणि हे कोणत्या पुस्तकात आहे असं तिला विचारलं. ती म्हणाली, जीव घाबरला का सुटतेच.

त्यावर डॉक्टर जमिनीवरच बसले आणि आम्हा दोघींना समजावून सांगायला लागले. असं बसून सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. ते म्हणाले, ह्या रोगाला विलायतेत स्क्रेपी म्हणतात, तो मेंदूत असतो, पण कशानं होतो ते जगात अजून कोणालाच सांगता आलेलं नाही. जंतू सापडत नाही. औषध नाही. आणि फार सावकाश चालतो, मेंढीच्या अंगात दोन वर्षं, चार वर्षं काही न दाखवता राहतो. मेंदूच्या बुडाशी चण्याएवढी एक गाठ असते. तिच्या हुकमावर शरीरातल्या बाकीच्या ग्रंथी चालतात. त्या रक्तात जो रस सोडतात त्याला ते हार्मोन म्हणतात. माज, गाभ, दूध, तहान, भीती, सगळं त्याच्यावर. खाज तर उशिरा दिसते, पण त्या आधीच हे हुकूम बिघडत असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून ही वही.

अंदाज खरा असावा. काळतोंडी नावाची एक मेंढी आहे. दर सतरा दिवसांनी माज यायचा, तो तिला अकराव्या दिवशी आला, पुन्हा नवव्या दिवशी, आणि मग आलाच नाही. तेव्हा तिच्या अंगावर लोकर चांगली दाट होती. मी वहीत लिहिलं. वीस दिवसांनी ती खांबाला घासायला लागली. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि माझं नाव विचारून पानाखाली लिहून घेतलं.

मला ह्या कामात बरं वाटतं, दादा. सातवीनंतर मी पहिल्यांदाच नेमानं काही लिहिते आहे. ह्यांनी एकदा वही पाहिली आणि म्हणाले, केंद्रात असतो तर मलेही इतकं जमलं नसतं.

डॉक्टरांनी गिरजाबाईला विचारलं, बाहेरून कधी मेंढी आणली होती का? डोंगराकडची, परदेशी रक्ताची? ती नाही म्हणाली. त्यांनी दुसऱ्या दिवशीही विचारलं. ती म्हणाली, माह्या मेंढ्या माह्याच कळपातल्या. आणि उठून कोकरं मोजायला लागली.

शीला बरी आहे. तुझी तब्येत कशी आहे?

कलावती


बुधवार, ५ फेब्रुवारी १९६४

दादा,

आज जयभीम लिहिताना हात अडतो आहे. आधी लिहायचं ते लिहिते.

कबरी नावाची मेंढी २१ ऑगस्टला फळली होती. मी स्वतः पाहिलं होतं, वहीत लिहिलं होतं. मेंढीचे दीडशे दिवस असतात, दोन-चार इकडेतिकडे. म्हणजे १८ जानेवारी. अठरा गेली, बावीस गेली, सव्वीस गेली. कास भरली नाही, पोट मात्र वाढत राहिलं. गिरजाबाई म्हणाली, चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही. कबरीला खाज फक्त शेपटीच्या बुडाशी होती, बाकी ती चांगली दिसायची. २ तारखेला, एकशे पासष्टाव्या दिवशी, ती बसली ती उठलीच नाही. डॉक्टर आणि गिरजाबाई दोघांनी मिळून कोकरू ओढून काढलं. खूप मोठं होतं, खूर कडक झालेले, अंगावर लोकर. मेलेलं होतं. दुपारी कबरीही गेली.

डॉक्टरांनी तिथेच कबरीला उघडलं, आणि आणखी एका घासणाऱ्या मेंढीला. जोडीला पाय मोडलेली एक चांगली मेंढी होती, तीही कापली, ताडून पाहायला म्हणून. मेंदू औषधाच्या पाण्यात घालून उत्तरेकडच्या संस्थेत पाठवायला ठेवले. मग मूत्रपिंडाच्या डोक्यावर असलेल्या दोन ग्रंथी काढून टिनाच्या ताटलीत ठेवल्या आणि छोट्या तराजूत तोलल्या. मी आकडे लिहिले. रोगट मेंढ्यांच्या ग्रंथी चांगलीच्या दीडपट भरल्या. ते म्हणाले, संकट आलं की ह्या ग्रंथी कामाला लागतात, टळलं की थांबतात. इथे थांबायचा हुकूम पोचतच नाही, वर्षानुवर्षं.

संध्याकाळी डॉक्टरांनी भाठ्यावरच्या सगळ्या मेंढपाळांना बोलावलं. हा रोग मेंदू तपासल्यावर पक्का ठरेल, पण मला शंका उरलेली नाही, असं म्हणाले. बाहेरून एखादी मेंढी आली असं कोणी सांगितलं, तर तिची पिल्लं आणि तिच्यासोबत व्यालेल्या मेंढ्या तेवढ्या काढून टाकू. कोणीच काही सांगितलं नाही, तर रोग इथलाच समजावा लागेल आणि भाठ्यावर चरणारे आठही कळप मारावे लागतील. आठ कळप म्हणजे चारशेच्या वर मेंढ्या. धोंडबा नावाचा म्हातारा मेंढपाळ आहे, ऐंशी मेंढ्यांचा. त्यानं पागोटं काढून डॉक्टरांपुढे ठेवलं.

 सगळे गेल्यावर मी गिरजाबाईजवळ गेले. ती मला म्हणाली, "म्या तुले शब्द देल्ला होता. माह्या तोंडून निघणार नाही. तुले सांगाचं असन तर तू सांग."

दादा, पहिल्या पत्रात मी लिहिलं की कुणास ठाऊक. मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी, मेंढी बाभळीला घासताना पाहिली तेव्हाच मनात आलं होतं.

केंद्रातून गेलेली चौदा नंबरची मेंढी मी दिली होती. गिरजाबाईला.

ती डोंगरातून आणलेल्या परदेशी रक्ताच्या मेंढ्यांपैकी होती, लंगडी. खाटकाला द्यायच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. पोटात कोकरू होतं. मी तिला हातानं भाकर चारत होते. गिरजाबाईनं माझं बाळंतपण केलं, सव्वा महिना रोज येऊन शीलाला न्हाऊ घातलं, आणि साडीचोळी पुढे केली तर घेतली नाही. तिच्या चराईच्या जमिनी कारखान्यात गेल्या होत्या, कळप निम्मा झाला होता. मला वाटलं, नाहीतरी सुरीखालीच जाणार आहे. केंद्राच्या मेंढ्या बाहेर द्यायच्या नाहीत असा नियम होता, मला तो सरकारचा कंजूषपणा वाटायचा. तो नियम कशासाठी होता ते मला आत्ता, ह्या वहीत लिहिता लिहिता कळलं.

गेटवर पहाऱ्याला तू होतास. म्हणून त्या संध्याकाळी मी तुला जेवायला बोलावलं. सुकटीची भाजी केली होती. तू गेट सोडायला तयार नव्हतास, मी म्हटलं पाच मिनिटं. तू ओसरीवर जेवत होतास तेवढ्यात गिरजाबाई मेंढी घेऊन गेली. तुला आणखी एक भाकर वाढली ती त्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. साहेबांनी तुला विचारलं, कुठे होतास. तू म्हणालास, गेटवर नव्हतो. कुठे होतास ते पुन्हा विचारलं, तर तू गप्प राहिलास. मला वाटलं, तू घाबरलास. ह्यांनी साहेबांना सांगितलं की गेट उघडं होतं, पहारेकरी नव्हता. ते खोटं नव्हतं, पण तेवढ्यावर तुझी नोकरी गेली. नंतर घरी तुझ्या तोंडावर चोर म्हणाले, ते खोटं होतं. मी चुलीपुढे होते. शीला मांडीवर होती. मी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं.

ह्यांची नोकरी जाईल, डोक्यावरचं छप्पर जाईल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. नंतर केंद्र बंद झालं, नोकरी दुसरी लागली, छप्पर पक्कं मिळालं. तरी मी बोलले नाही. तेव्हा कारण होतं, नंतर कारणही नव्हतं.

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहिते आहे. हे पत्र टाकून आले की सांगेन.

कला


रविवार, ८ मार्च १९६४

दादास जयभीम.

ह्यांना सांगितलं. ते शिफ्टवरून येऊन हातपाय धूत होते. मी सगळं सांगेपर्यंत नळ वाहत राहिला. त्यांनी तो बंद केला आणि एवढंच विचारलं, "दयारामले माहीत हाये?" मी म्हटलं, लिहिलं आहे. मग ते पायरीवर जाऊन बसले. शीला त्यांच्या पाठीवर चढली, तिला त्यांनी खाली उतरवलं. शेवटी म्हणाले, "म्या त्याले चोर म्हटलं होतं, कला." मी म्हटलं, हो. त्यावर आमचं चार दिवस बोलणं नव्हतं. भांडण नाही झालं. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पाचव्या दिवशी तेच म्हणाले, चाल, डॉक्टरकडे जाऊ.

डॉक्टरांपुढे मी कागदावर लिहून दिलं. मेंढीचा नंबर, तारीख, कोणी दिली, कोणी नेली, गेटवरच्या माणसाला ठाऊक नव्हतं. गिरजाबाईनं मागितली नव्हती, मीच दिली, हेही लिहिलं. डॉक्टर वाचून म्हणाले, हे तुम्ही ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर कबरीसोबत ह्या हंगामात ज्या मेंढ्या व्यायल्या त्या वाचल्या असत्या. रागावून नाही म्हणाले. हिशोब सांगावा तसं म्हणाले. ते मी ऐकून घेतलं.

मग मी आणि गिरजाबाईनं बसून त्या मेंढीचं पाच वर्षांचं कूळ मांडलं. तिची कोकरं कोणती, त्यांची कोणती, कोण कोणाशेजारी व्यालं, कोणतं पिल्लू कोणाला दिलं. गिरजाबाईला अक्षर येत नाही, पण एकेका मेंढीची आई, आजी, व्यालेली जागा, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, सगळं तिला पाठ. चौदा नंबर स्वतः एकसष्ट साली वाळून मेली होती. तिला वाटलं, म्हातारी झाली. धोंडबाकडे त्या कुळातली दोनच गेली होती. बाकी सहा कळपांत एकही नाही.

गिरजाबाईच्या एकतीस मेंढ्यांपैकी एकोणीस यादीत आल्या.

२८ फेब्रुवारीला मारल्या. खड्डा खणून चुना टाकून पुरल्या. धोंडबाच्या दोन तिथेच आणल्या होत्या. आपल्या मेंढ्या गिरजाबाईनंच एकेक करून धरून आणल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. काही तर अगदी धडधाकट होत्या, कोणी म्हटलं नसतं. काळतोंडी शेवटी आली, तिला चालवत नव्हतं, गिरजाबाईनं उचलून आणली.

मी तिथे उभी होते. जाऊ नको असं हे म्हणाले होते, पण मी गेले. सगळं झाल्यावर गिरजाबाईनं हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "कलावती, तू मले मेंढी देल्ली का रोग देल्ला?"

मी म्हटलं, "दोन्ही दिलं, बाई. मला एकच माहीत होतं."

तिनं मान हलवली. मग बारा मेंढ्या घेऊन निघून गेली. मी दुसऱ्या दिवशी गेले तर बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बादल्या भरल्या, रेघा पाहिल्या, लिहिलं आणि परत आले. डॉक्टरांनी उरलेल्या बारांवर दोन वर्षं नजर ठेवायला सांगितलं आहे. ती मी ठेवीन, ती बोलो न बोलो.

धोंडबा मात्र घरी आला होता. दारात उभा राहून जयभीम म्हणाला. आजवर कधी म्हणाला नव्हता. पाणी दिलं ते प्याला.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही आहे. मागितली तर द्यायची की नाही हा भार पुन्हा तुझ्यावरच पडेल. आता तुझ्या नावावरचा तो चोरीच्या संशयाचा कागद खोडून घ्यायचं काम उरलं आहे. ते केल्यावर लिहीन.

कला


रविवार, २२ नोव्हेंबर १९६४

दादा, जयभीम.

मी दुर्गला अकरा वेळा गेले. तिथे केंद्राचे जुने कागद ठेवले आहेत. पहिल्या वेळी कारकून म्हणाला, केंद्रच उरलं नाही तर चौकशी कसली. दुसऱ्या वेळी म्हणाला, बाई, एका मेंढीसाठी इतकं? मी त्याला म्हटलं, मेंढीचं मी लिहून दिलं आहे, हे माणसाचं आहे. भय्याजी नावाचे म्हातारे हेडक्लार्क आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली आणि फाइल काढायला लावली. डॉक्टरांनी आपलं पत्र जोडलं. नवीन साहेबांनी मला बोलावून चांगलं खडसावलं, आणि ह्यांच्या नोकरीत ताकीद लागेल असंही म्हणाले. ती लागली. ह्यांनी सही केली आणि घरी येऊन वरणभात जेवले.

कागद निघाला. 'चोरीच्या संशयावरून' ही अक्षरं खोडून 'संशय निराधार' असं लिहिलं आहे, खाली सही-शिक्का. त्याची नक्कल मी तुला ऑक्टोबरात पाठवली, भिलाईला येशील का असंही विचारलं. आणि परवा तुझं पत्र आलं.

पावणेसहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. तरी इथे लिहिते, कारण मी बरोबर वाचलं का ते मला पाहायचं आहे.

तू लिहिलंस: 'कला, मी ओसरीवर जेवत होतो. कुडाला फट होती. गिरजाबाईच्या हातातला दोर मले दिसला, मागं लंगडी मेंढी दिसली. दुसरी भाकर तू न मागता वाढली. मी भाकर खाल्ली. साहेबानं विचारलं कुठं होता, तर काय सांगू, बहिणीकडं होतो? नोकरी गेली त्याचं मले दुःख नाही, चौकीदाराची नोकरी, दुसरी भेटली. मी वाट पाहून राहिलो होतो. एका वर्षात सांगशीन, दोन वर्षात सांगशीन. मग वाट पाहणं सोडलं, म्हणून पत्ता कळवला नाही.'

दादा, मी समजत होते तू ह्यांच्यावर रागावून गेलास. गिरजाबाईनं शब्द पाळला हे मला ठाऊक होतं. तूही पाळत होतास, आणि तुझ्याकडून तर मी शब्द घेतलाही नव्हता.

पत्र वाचून झाल्यावर मी ते ह्यांना दिलं. ह्यांनी वाचलं आणि घडी घालून परत दिलं. शेवटची ओळ त्यांच्यासाठी आहे हे मी सांगायची गरज नव्हती: 'भिलाईले येईन का, असं विचारतेस. मारोतरावानं मले दहा माणसाईत चोर म्हटलं नाही, घरात म्हटलं. पण म्हटलं. ते कागदानं खोडल्या जात नाही.'

काल हे स्टोअरमधून आले आणि चार दिवसांची सुट्टी टाकून आलो म्हणाले. कशासाठी, ते मी विचारलं नाही. त्यांनी धोतर स्वतः धुतलं. आज सकाळी शीलाला जवळ घेऊन सांगत होते, तुहा मामा चौकीदार होता, त्याची नोकरी आमच्या घरानं घालवली. तिनं विचारलं, किसने? मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हटलं, मी. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते म्हणाले, आणि म्या. पोरीला किती कळलं कोण जाणे. पण घरात हे मोठ्यानं बोलून झालं.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. ह्यांच्या हाती देते आहे. बल्लारशाला पोचल्यावर ते डेपोच्या फाटकावर येतील. त्यांना फार बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. निघायची तयारी करताना दोनदा ओठ हलले, मला वाटलं, तुला म्हणायचं ते मनाशी म्हणून पाहत आहेत. काय म्हणणार ते मी विचारलं नाही, आणि मी काही शिकवूनही दिलेलं नाही. त्यांचं वाक्य त्यांनाच सापडू दे. उशीर लागला तर थांब. मी तुला जितका वेळ थांबवलं तितका नाही लागणार.

कला